बाईंना सांगितलेले सहा महिने

आमच्या बाईंसमोर कुठल्याही गोष्टीला चांगलं किंवा वाईट म्हणायची सोय नव्हती. "बाई, आज ऊन फार आहे," असं म्हटलं तरी लगेच प्रश्न यायचा, "कोनाच्या मानानं? कालच्या का चंद्रपूरच्या?" पुलगावच्या आमच्या कॉलेजात त्या अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायच्या. मुलींनी त्यांचं नाव तुलनाबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. एकीने घाईघाईत रजेच्या अर्जावर 'आदरणिय तुलनाबाई' असं लिहून दिलं, तर बाईंनी आतली एक वेलांटी दुरुस्त केली आणि रजा मंजूर केली.

वर्गात त्या प्रमाण मराठीत शिकवत, जीव लावायचा असला की वऱ्हाडीत येत. फळ्याशेजारी खाकी कागदाचा मोठा तक्ता होता. वर अमेरिका, कॅनडा, जर्मनी, फ्रान्स, जपान. बाजूला दवाखाना, शाळा, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण. आम्ही अमेरिकेचं कौतुक करू लागलो की त्या म्हणत, "श्रीमंत देशाला श्रीमंत देशांच्या शेजारीच बसवायचं. आपल्या शेजारी बसवलं तर तो कायम पहिलाच येईल, आणि त्याच्या घरातल्या बाईचे हाल कोणाला दिसणारच नाहीत."

तक्त्यातली बाळंतपणाची ओळ त्या सगळ्यात जपून भरत. त्यांची आई एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायच्या कामावर होती. बाई तीन आठवड्यांच्या झाल्या आणि आई पुन्हा कामावर गेली. बाळ जिनाच्या कुंपणाबाहेर शेजारणीच्या मांडीवर असायचं. हे त्यांनी वर्गात एकदाच सांगितलं, तेही तक्त्याकडे तोंड करून.

मी शिकले ती बाईंमुळे. बारावीनंतर वडिलांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. बाई सलग तीन संध्याकाळी आमच्या घरी आल्या. वाद घातला नाही, नुसत्या बसून राहिल्या. चौथ्या दिवशी वडील पुण्याच्या इंजिनिअरिंगचा फॉर्म घेऊन आले. पुढे मी अमेरिकेला निघाले तेव्हा विहारात माझा सत्कार झाला. सगळ्यांनी आशीर्वाद दिले. बाई एवढंच म्हणाल्या, "तिकडे नुसती राहू नको. पाहजो."

त्या दर रविवारी फोन करायच्या. कशी आहेस, जेवलीस का, हे त्या विचारत नसत. "नोकरी गेली तर दवाखान्याचा विमाही जाते का?" मी म्हणायची, कंपनीचा असला तर जातो. "अन् कॅनडात?" तिथे दवाखान्याचा नोकरीशी संबंध नाही, असं मी सांगायची. पलीकडे पेनचा आवाज यायचा. त्या तक्ता भरत आहेत आणि त्यातली अमेरिका माझ्याकडून भरली जाते आहे, याचा मला अभिमान होता.

मग माझी मुलगी झाली, ऑपरेशन करून. तिथे बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशभराचा कायदाच नाही. बिनपगारी बारा आठवड्यांचा एक कायदा आहे, पण मला नोकरीत वर्ष झालं नव्हतं, म्हणून तोही लागू नव्हता. साहेबांनी मेहेरबानी म्हणून चार आठवडे दिले. व्हिसा नोकरीवर अवलंबून होता. पाचव्या आठवड्यात मी टाक्यांवर हात धरून ऑफिसचा जिना चढले. जुन्या फायलींच्या खोलीत आतून कडी लावून दूध काढायची. आमच्याच कंपनीच्या जर्मनीतल्या ऑफिसात माझ्याच कामावर असलेली एक बाई त्याच महिन्यात बाळंत झाली होती. मीटिंगमध्ये स्क्रीनवरच्या तिच्या चौकटीत पुढे वर्षभर दुसरीच कोणीतरी दिसायची.

बाईंचा फोन आला तेव्हा मी त्याच खोलीत होते. रविवारी आमची चुकामूक झाली होती, म्हणून त्यांनी मधल्या वारी केला होता.

"काय वं, आता तर तुले सोताचाच अनुभव आला. पगारी रजा किती भेटली?"

समोर बाटली होती, अंगावर दुधाचे डाग होते. विहारातला सत्कार डोळ्यांपुढे आला. घरी मी आधीच जे सांगून ठेवलं होतं तेच तोंडातून गेलं. "सहा महिने, बाई."

"कंपनीनं देल्ली का कायद्यानं?"

इथे मला थांबता आलं असतं. मी म्हणाले, "कायद्यानं."

त्या म्हणाल्या, "मी तर उलटंच वाचलं होतं. पन तू तिथं राहून सांगून राह्यली. खोडते मी माह्यं." आणि खोडल्याचा आवाज मी ऐकला.

निवृत्तीनंतर बाई वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला दोन खोल्यांत राहत. तिथल्या एका हॉलमध्ये घरकाम करणाऱ्या, जिनात जाणाऱ्या बायकांची सभा होती. माझी धाकटी बहीण वर्ध्यातच नोकरीला, तीही गेली होती. बाईंनी भाषणात सांगितलं की झाडून सगळ्या श्रीमंत लोकशाही देशांत बाळंतपणाची पगारी रजा कायद्याने मिळते, अमेरिकेतसुद्धा. तेव्हा एक तरुण प्राध्यापिका उठली. "माफ करा बाई, अमेरिकेत असा कायदा नाही. त्या सगळ्यांत तोच एक देश वेगळा आहे." तिने मोबाइलवर वाचूनच दाखवलं. मागे कोणीतरी हसलं.

बहिणीने मला फोनवर सांगितलं, "ताई, बाई अगदी शांत होत्या. म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. पण ताई, तुला तर मिळाली होती ना सहा महिने?"

"आमची कंपनी देते," मी म्हणाले.

त्यानंतर बाईंनी भाषणाची दोन बोलावणी नाकारली, हेही तिच्याकडूनच कळलं.

त्या हिवाळ्यात मी मुलीला घेऊन पुलगावला आले. बाईंकडे जाताना बसमध्ये एकच वाक्य घोकत होते. बाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अर्ध्या शेंगा त्यांनी माझ्यापुढे लोटल्या. अर्धा तास मी इकडचं तिकडचं बोलले, घोकलेलं वाक्य काही निघेना. शेवटी त्यांनीच शेंगांवरची नजर न काढता विचारलं,

"ऑपरेशन झालतं ना तुह्यं? टाके सुकाले किती दिवस लागले?"

"दीड महिना."

"अन् कामावर कधी गेली?"

"पाचव्या आठवड्यात."

"हं." त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "ती पोरगी सभेत बोलली तवाच मले समजलं. तू काऊन खोटं बोलली, ते मातर समजे ना. मंग माही माय आठवली. तिले कोनी इचारलं का ती म्हने, मालकानं चांगली चार महिने रजा देल्ली. लाज मालकाले वाटाले पाहिजे होती, वाटे तिले."

मी पुढची शेंग उचलली. त्या पुढे म्हणाल्या, "माह्यंही चुकलं. इतकी वर्षं मी तुले देशाचंच इचारत राह्यली. तू कशी आहे, हे इचारलंच नाई."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

निघताना त्यांनी हात धरला. "रविवारी त्याच बायकांची बैठक आहे. तू ये. भाषन नाई करायचं. जे झालं ते सांगजो, बस. त्याइले वाटते, तिकडे समदं सोन्याचं आहे."

"बाई, शनिवारी विमान आहे माझं."

विमान पुढच्या बुधवारी होतं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत तुरीचे दाणे बांधून दिले.

बाई पुढच्याच उन्हाळ्यात गेल्या. मी येऊ शकले नाही. खरं म्हणजे सुट्टी मागितलीच नाही. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. मला मात्र तो रविवारच आठवतो.

त्या रविवारी मी पुलगावला घरीच होते. सामान बांधायचं निमित्त होतं. बहीण बैठकीहून परस्पर घरी आली. पाणी प्यायली आणि सांगू लागली. बाई स्वतःच बोलायला उभ्या राहिल्या होत्या. अमेरिकेतल्या एका बाईचं त्यांनी सांगितलं, पाचव्या आठवड्यात टाक्यांसकट कामावर गेलेली. जिनात जाणाऱ्या एकीने उठून विचारलं, "बाई, कोन होय ती?"

"मग?" मी विचारलं.

"बाई म्हणाल्या, माही पोरगी होय." बहीण माझ्याकडे बघत होती. "ताई, बाईंनी तर लग्नच केलं नव्हतं. त्यांना मुलगी कुठून आली गं?"

मी मुलीचा फ्रॉक घडी करून बॅगेत ठेवला आणि म्हणाले, "मला काय माहीत."