तात्यांची बराक

गेल्या महिन्यात पाटणहून निरोप आला, तात्या गेले. माझे थोरले चुलते. गवंडीकाम करता करता ठेकेदार झालेले, आणि हट्टाला पेटले की देवाचंही न ऐकणारे. जाताना मात्र कुणाला त्रास दिला नाही, हेच त्यांच्या स्वभावाला सोडून झालं.

बेचाळीस साली त्यांचा एकुलता एक श्रीपती मोर्चात धरला गेला. साताऱ्याचा तुरुंग इतका भरला होता, की पोरं उघड्या पडवीत पाऊस अंगावर घेत निजायची. श्रीपतीची छाती लहानपणापासून नाजूक. नवी बराक हवी होती, पण सरकारचा पैसा लढाईत अडकलेला. मग ज्या गावांची पोरं आत, त्याच गावांवर दंड बसला आणि त्यातूनच बराक उठणार असं ठरलं. आपल्याच पैशानं आपली पोरं कोंडायची! गावचा दंड भरताना काकूंनी हातातल्या पाटल्या मोडल्या. आणि बराकीचा ठेका घेतला तात्यांनी, दुसऱ्याच्या नावावर. काकूंनी जाब विचारला तेव्हा ते कडाडले, "पोरगं भिजतंय माजं! छप्पर कुणाच्या पैशाचं, ह्ये मी बगत बसू व्हय?"

"तुमी नका बगू. तुमचं पोरगं बगंल," काकू म्हणाल्या.

तात्या कुठलीही भिंत बांधोत, दिव्यासाठी कमानीची देवळी ठेवायचेच. बराकीतही सवयीनं एक ठेवून बसले... कैद्यांना कसला आलाय दिवा! साहेबानं हसून चालवून घेतली. श्रीपतीला आत हलवलं, तर त्यानं ती कमान पाहिली आणि बापाचा हात ओळखला. वळकटी उचलून तो परत पडवीत. आत ढकलला तरी बाहेर यायचा; शेवटी पहारेकऱ्यांनीही नाद सोडला. सुटला तो खोकला घेऊनच, आणि सांगलीला एका वखारीत कामाला लागला. घरी आला नाही. तात्यांनी निरोपांवर निरोप धाडले. मला दोघांचाही राग येतो, आणि दोघांसाठी जीव तुटतो.

मयतीला श्रीपती आला. खांदा दिला. पण उंबरा ओलांडला नाही. अंगणात दगडावर बसून राहिला. पावसाची भुरभुर लागली. बायका म्हणाल्या, "आवं काकू, तुमी हाक मारा. तुमचं ऐकंल त्यो."

काकू उठल्या, दारापर्यंत गेल्या. हाक काही मारली नाही. पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी जाऊन बसल्या, भिजत.