दाजींची न धडधडणारी छाती

अख्ख्या जोयडा तालुक्यात निधड्या छातीचा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं आमच्या दाजींचं जाहीर मत आहे. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. एकदा रामनगरहून जीपमधून येताना गवा आडवा आला. सगळे उड्या मारून पळाले, दाजी आत बसून राहिले. नंतर येईल त्याच्यापुढे मनगट धरून म्हणाले, "नाडी बघा की वो! वाढलीया काय?" खरंच वाढली नव्हती. पण दाजींच्या मांड्यांत पळण्याचं बळ नव्हतं आणि त्यांना खाली उतरवायला दोघं लागले, हे अक्कानंच मला सांगितलं. दाजींच्या कथेत तेवढा भाग कधी येत नाही.

दुसरा अभिमान मुठीचा. लग्नात नवऱ्यामुलाचा हात धरला की तो लवकर सुटत नाही. मागे आहेराची रांग खोळंबते, फोटोवाला कंटाळतो, नवरामुलगा केविलवाणा हसतो आणि दाजी म्हणतात, "घराण्याची मूठ हाय!" त्यांच्या वडिलांच्या हातून म्हणे कुऱ्हाड सुटत नसे. या घराण्यानं पिढीजात दुखण्याची पिढीजात फुशारकी केली. सोयरीक जुळवतानासुद्धा मुलाची मूठ दाखवत, आणि पाहुणेही माना डोलवत!

मग एका बाजाराच्या दिवशी दाजी उभ्या उभ्या कोसळले. अक्कानं शिव्या देत बेळगावला नेलं, मीही गेलो. डॉक्टरांनी मूठ वळून सोडायला लावली, खोल श्वास घ्यायला लावला, झटकन उभं केलं, पण ठोके जसेच्या तसे. दाजींनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे धैर्य नाही. श्वासाबरोबर, उठताबसता, भीतीनं ठोके कमीजास्त व्हायला हवेत. तुम्हाला स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे, त्यात हृदयाला हुकूम देणाऱ्या नसाच मंदावतात. मूठ न सुटणं हे त्याच आजाराचं लक्षण. ठोके मध्येच थांबू शकतात, म्हणून छातीत पेसमेकरचं मशीन बसवावं लागेल. आणि मुलांनाही तपासा."

"मशीन? आमच्या काळजाला?" दाजी गरजले. आठवडाभर अक्का रडली, मी समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. पण एकुलत्या एका पोरीला तपासायला मात्र ते स्वतः बेळगावला घेऊन आले. पोर कॉलेजात शिकते, बापासारखीच बडबडी. ती आत गेली. बाहेरच्या बाकावर दाजींनी स्वतःचीच नाडी धरली. मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, छातीत काय बी हलत न्हाई बघा. पर लई भ्या वाटूलालंय."

मी आयुष्यभर या माणसाची टिंगल केली. त्या क्षणी मात्र त्यांच्याबद्दल माया दाटून आली. डॉक्टर दार उघडून बाहेर आले. पोरीचं काय झालं हे विचारायचा दाजींना धीर झाला नाही. ते भिंतीला धरून उठले आणि म्हणाले, "ते मशीन आदी माज्यात बसवा, साहेब. काय हुत न्हाई, हे तिला बघू दे."