टपावरचा तंबू

मला कायम घाई. तोंडालाही आणि हातालाही. थोरल्या जावेचं उलटं. तिला मी अक्का म्हणते. समोर अहो-जाहो, मनात अगं-तुगं. तिचं सगळं सावकाश, पण एकदा केलं की परत बघायला नको. आम्ही दोघी गोधड्या शिवायचो आणि लोहारा, मुरुम, उमरगा, जिथं बचत गटांचं प्रदर्शन लागेल तिथं नेऊन विकायचो. त्यासाठी एक घडीचा तंबू घेतला होता. चार पाय, वर निळं कापड आणि मधे कैचीसारख्या मिटणाऱ्या लोखंडी पाइपा. लोक विचारायचे, गोधड्या शिवायचा त्रास होत नाही का? शिवायचा कसला त्रास! त्रास त्या तंबूचा.

मिटला तरी तो माणसाएवढा लांब. घरात कुठंही ठेवला तरी येणारा-जाणारा त्याला ठेचकाळायचा. मी म्हणायची, टाका गोठ्यात. अक्का ऐकायची नाही. गोठ्यात उंदीर, शिवाय ओल. तिनं पत्र्याच्या खोलीत आढ्याला दोन दोर बांधून सांगाडा वर टांगला. कापड वेगळं, पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून. कापड दंवानं ओलं आलं तर अंगणात पुन्हा पसरून वाळवायची, आणि शिलाई मशीनचं तेल घेऊन एकेक सांधा पुसत बसायची.

"अक्का, बाळंतिणीची बी एवढी सेवा करत न्हाईत," मी चिडवायची.

"करावी लागती बाई. त्याला काय सांगता येतंय, हितं दुखतंय म्हणून?"

नेणं त्याहून अवघड. एसटीचा कंडक्टर दारातच हात आडवा धरायचा. एकदा एक जण म्हणाला, "मावशी, मयत घेऊन चाललाव काय?" सगळी गाडी हसली. मग उरली काळी-पिवळी जीप. तंबू टपावर दोरानं आवळायचा, गोधड्यांची गाठोडी मांडीवर घ्यायची. जीपवाला कुणासाठी थांबत नाही. सीट भरल्या की निघाला.

त्या उन्हाळ्यात अक्काच्या लेकीला सातवा महिना होता. पहिलीच खेप. आमच्या घरात लेकीच्या पहिल्या बाळाचं दुपटं आजीनं आपल्या जुन्या लुगड्याचं शिवायचं, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा टाका घालायचा नाही. अक्कानं लग्नातलं हिरवं लुगडं त्यासाठी काढलं होतं. मुरुमच्या प्रदर्शनात गिऱ्हाईक नसलं की ती तेच घेऊन बसायची. निम्मं झालं होतं.

शेवटच्या दिवशी पाचच्या सुमाराला वारं सुटलं. पटांगणातली धूळ डोळ्यांत जायला लागली. घराकडं जाणारी लोहाऱ्याची शेवटची जीप रस्त्यावर उभी राहून हॉर्न वाजवत होती. तंबू मिटायचा म्हणजे दोघींनी समोरासमोरचे पाय धरायचे, खटके दाबायचे आणि एकमेकींकडं चालत यायचं. अक्काच्या बाजूचा खटका अडकला. "थांब गं जरा," ती म्हणाली आणि पाइपांच्या मधे बोटं घालून तो सोडवायला लागली.

वाऱ्यामुळं मला ऐकू आलं नाही, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण मी ऐकलं होतं. "व्हा की लवकर, जीप चालली!" असं ओरडून मी अंगाचा जोर लावला आणि पुढं आले. खटका सुटला, कैची मिटली.

अक्का ओरडली नाही. "आई गं" एवढंच म्हणाली, तेही हळू. मी पाइपा फाकवल्या, तिनं हात काढून पदरात गुंडाळला. आणि मी काय केलं? मी तंबू पिशवीत भरला. ड्रायव्हरला हाक मारून टपावर चढवला, दोर आवळला, गाठ नीट बसली का ते ओढून बघितलं. मग वळून तिच्याकडं बघितलं, तर पदर लालभडक झाला होता.

उमरग्याच्या दवाखान्यात तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं काढावी लागली. सुई धरायची तीच बोटं.

थोरले दीर आले ते तापलेलेच. "अक्कल गहाण टाकली हुतीस का? लोखंडात हात घालतं का कुणी?"

"चुकलंच," अक्का खाटेवरनं म्हणाली. "माझाच हात मधी गेला."

मी चहाची किटली धरून उभी होते. उभीच राहिले.

घरी आल्यावर मी तिला म्हणाले, "अक्का, मी सांगते भाऊजींना. माझ्यामुळं झालं."

"सांगून बोटं येणार हायती का? उगं तुझं बी जाणं बंद करतील. गप ऱ्हा."

मला हायसं वाटलं. त्या वेळी हायसं वाटलं, याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

डाव्या हातानं तिनं महिनाभर खटाटोप केला. टाका वाकडा जायचा, ती उसवायची, पुन्हा घालायची. एका दुपारी तिनं दुपटं माझ्या मांडीवर टाकलं. "दिवस भरत आले. तू पुरं कर."

"दुसऱ्याचा टाका चालत न्हाई ना?"

"मग लेकरू उघडं ठिवू का?"

मी पुरं केलं. तिचे टाके कुठं संपतात आणि माझे कुठं सुरू होतात, हे आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं.

बारसं अंगणात झालं. आभाळ आलं होतं म्हणून आमचाच तंबू उभा केला. बायकांनी दुपटं उलटसुलट करून विचारलं, कुणाच्या हातचं? "हिच्या," अक्का म्हणाली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी मान हलवून ते घेतलं.

जेवणं उरकल्यावर तंबू मिटायला दीर पुढं झाले. एक पाय त्यांनी धरला, समोरचा मी. खटके दाबून ते चार पावलं आले, मी चार पावलं गेले, तंबू मिटला.

"एवढं सोपं तर हाय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "हिला कसं जमलं न्हाय कुणास ठाऊक!"

ओसरीत नातीला मांडीवर घेऊन बसलेली अक्का हसली. "न्हाय जमलं बघा," म्हणाली आणि उजवा हात पदराखाली घेतला.

सगळे हसले. मी पिशवी उघडून तंबू आत सरकवत राहिले.