कप्पीचं दुसरं टोक

खांदा, कोपर, मनगट आणि बोटं, एवढे सगळे सांधे एकदम कामाला लावणारं घरगुती काम कोणतं, असा प्रश्न मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी विचारायचो. पोरी म्हणायच्या, भाकरी थापणं. पोरं म्हणायची, उसाची मोळी उचलणं. शेवटच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, गुरुजी, कानफटात मारणं. मी सगळ्यांनाच बरोबर म्हणायचो, कारण बरोबरच होतं ते. पण माझं उत्तर वेगळं असायचं. ओवाळणं.

बहीण तबक घेऊन भावाच्या तोंडाभोवती फिरवते तेव्हा खांद्याचा उखळीचा सांधा गोल फिरत असतो, कोपराची बिजागरी उघडत-मिटत असते, आणि निरांजन कलू नये म्हणून मनगट बिचारं हात जाईल त्याच्या उलट बाजूला गुपचूप वळत असतं. त्याचं श्रेय कुणी देत नाही. हे मी फळ्यावर काढून दाखवायचो. माझी चित्रकला अशी, की आकृतीतला भाऊ कुणाला बैल वाटायचा आणि पोरं विचारायची, गुरुजी, हा पोळा आहे का?

तिसगावला मी सगळी नोकरी केली ती अशी. एकदा बिजागरीचा सांधा समजावताना वर्गाचं दार इतक्या उत्साहानं पुढंमागं केलं की वरची बिजागरी उखडली आणि दार माझ्या अंगावर आलं. ते दोन्ही हातांनी पेलून मी उभा असताना मुख्याध्यापक नेमके तिथून चालले होते. थांबून म्हणाले, "मास्तर, सांधे शिकवा. निखळवू नका."

तर ओवाळण्याचं उदाहरण. ते पुस्तकातलं नव्हतं, माझ्या आक्काचं होतं.

आक्का माझी थोरली बहीण, देवळाली प्रवऱ्याला दिलेली. दर भाऊबीजेला मी तिच्याकडं जायचो. आक्काचं ओवाळणं म्हणजे बघण्यासारखं. तबक माझ्या टोपीच्या वरून निघायचं ते थेट मांडीपर्यंत येऊन परत वर जायचं. वाऱ्यानं निरांजन फडफडायचं. माझे दाजी, म्हणजे तिचे मालक, दारात सुपारी कातरत म्हणायचे, "भावाला ओवाळतीस का पाखरं हाकतीस गोफणीनं?"

मग ते वर्तुळ लहान व्हायला लागलं. एका वर्षी ते टोपीच्या खाली आलं. पुढच्या दिवाळीला कपाळाच्या खाली. जन्मभर त्याच हालचालीवर पोरांना शिकवलेला मी, आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? तिला म्हटलं, "काय आक्का, उरकून घेतीस व्हय? वय झालं म्हणून भाऊ स्वस्त झाला का?" ती हसली. तबक खाली ठेवताना तिनं दोन्ही तळहात जोडून त्यात ते धरलं होतं, बोटांनी नव्हे. तेही मी पाहिलं, आणि करंजी उचलली.

तो आमवात होता. पहाटे बोटं सुजून ताठ व्हायची, मग मनगटं धरली, मग दोन्ही खांदे. नगरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अंगातलं राखणीचं कुत्रं घरच्याच माणसांना चावायला लागावं तसा हा आजार आहे. सांध्यातलं वंगण आटतं, वेष्टण सुजतं, आणि दुखतं म्हणून माणूस हात हलवत नाही, हलवत नाही म्हणून तो आणखी धरतो. गोळ्या सुरू झाल्या. दुखणं कमी झालं, पण धरलेले खांदे काही सुटेनात. आक्काला बाकी कशाचं काही नव्हतं. स्वयंपाक सुनेनं घेतला, वेणीफणीही सूनच करायची. ती एकच म्हणायची, "वर्षातनं एकदा त्येवढं तबक फिरवता आलं पायजे. बाकी मग बसवून ठेवा मला."

मी तोवर निवृत्त झालो होतो, म्हणजे माझ्या विद्वत्तेला आवरणारं कुणी उरलं नव्हतं. खांदा सुटायला कप्पीचा व्यायाम असतो, हे मी कुठंसं पाहिलं होतं. वर कप्पी, तिच्यावरून दोरी. एका हातानं दोरी खाली ओढली की दुसरा हात आपोआप वर जातो. मी तिसगावच्या बाजारातून लोखंडी कप्पी घेतली. दुकानदारानं विचारलं, विहीर किती खोल? मी म्हटलं, खांद्याला पाहिजे. त्यानं मग पुढं काही विचारलं नाही.

आक्काच्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या वर, मी स्वतः हुक ठोकला. दोरी ओवली. सगळ्यांना समोर बसवून प्रात्यक्षिक केलं. दोरी ओढली आणि हुक, कप्पी, थोडा गिलावा असं सगळं माझ्या उजव्या खांद्यावर आलं. आक्का कॉटवरून म्हणाली, "बरं झालं. आता दोघं मिळून शेकत बसू."

दाजींनी दुसऱ्या दिवशी कप्पी आरपार बोल्ट घालून बसवली. सुनेनं आक्काच्या जुन्या साडीचे दोन वेढे शिवून दोरीच्या टोकांना बांधले, म्हणजे बोटांनी धरायला नको, हात नुसता अडकवायचा. सगळी सिद्धता झाली. आक्कानं दोन्ही वेढ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्यातला चांगला हात कुठला म्हनायचा?"

व्यायामाला एक हात धडधाकट लागतो. तिचे दोन्ही गेले होते. दोरी, कप्पी, बोल्ट, वेढे एवढं सगळं होईतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी खिडकीतून उसाकडं बघत बसलो.

दाजी उठले. त्यांनी दोरीचं एक टोक आपल्या हातात घेतलं. दुसरं तिच्या हाताला अडकवलं. "सांग कुठं दुखतंय ते," म्हणाले, आणि दोरी खाली घ्यायला लागले. आक्काचा हात सावकाश वर निघाला. छातीच्याही खालीच ती "आं" म्हणाली. दाजी थांबले. पेन्सिलीनं त्यांनी चौकटीवर तिच्या मनगटाच्या उंचीला एक रेघ मारली.

त्यानंतर हे सकाळ-संध्याकाळ चाललं. मी गेलो की चौकट आधी बघायचो. रेघा वर चढत होत्या, कूर्मगतीनं पण चढत होत्या. श्रावणात एक रेघ हनुवटीच्या उंचीला होती. आक्का मला ती दाखवून म्हणाली, "ह्या दिवाळीला टोपी घालून ये. जुनी नको." मग पावसाळी हवेत दुखणं पुन्हा उसळलं. नंतरच्या रेघा जुन्या रेघांच्या खाली पडायला लागल्या. दाजी तरी रेघ मारत राहिले.

भाऊबीजेला मी नवी टोपी घालून गेलो. गळ्यात पट्टाही होता. नोकरीत कधी कुणापुढं मान वर केली नाही, तरी ती झिजली कशी कोण जाणे. डावीकडं तर वळतच नव्हती. आक्काला खाली बसवत नव्हतं, म्हणून ती कॉटवर आणि मी समोर स्टुलावर. सुनेनं खाली रांगोळी काढली. कुंकू आक्कानं अंगठ्याच्या कडेनं लावलं, ते नाकापर्यंत ओघळलं. मग सुनेनं तबक तिच्या तळहातांवर ठेवलं.

हात मांडीपासून थोडे उचलले आणि थांबले. तबक कललं. निरांजनातलं तेल अक्षतांवर सांडलं. आक्का ओठ दाबून पुन्हा जोर करत होती आणि खांदा हलत नव्हता, नुसती मान आणि पाठ वर-खाली होत होती.

"आई, मी खालनं धरते ना," सून म्हणाली.

"सोड. तू वढलेला हात माझा व्हय?" आक्का म्हणाली. "मग तूच ओवाळ त्याला. मी बसते बघत."

आणि मी काहीतरी बोलल्याशिवाय राहीन तर तो मी कसला.

"आक्का, तबक हलवू नको. नुसतं धर," मी म्हटलं. "सूर्य फिरतो का पृथ्वी?"

"आता शाळा नको भरवू."

"सांग तर."

"तुमी लोकं म्हनता पृथ्वी."

"मग दिव्यानं कशाला फिरायचं?"

आणि मी स्टुलावर बसल्या बसल्या कमरेतून गोल फिरायला लागलो, जात्यावर बसल्यासारखा. दिवा जागच्या जागी, त्याच्याभोवती माझं थोबाड. पहिल्या फेऱ्यात मिशीला चटका बसला. दुसऱ्या फेऱ्यात मानेत कट् असा आवाज आला, तो दाजींनाही ऐकू गेला. "ह्यो भाऊ हाय का रसवंतीचा चरक?" ते म्हणाले. आक्का हसायला लागली. तबक थरथरायला लागलं, निरांजन फडफडलं, अगदी पूर्वीसारखं, आणि सुनेनं तबक काढून घेतल्यावर ती हसता हसता डोळे पुसू बघत होती, तर हात डोळ्यांपर्यंत जाईना. सुनेनं पुसले.

"झालं का न्हाई ओवाळून?" मी विचारलं.

"झालं," आक्का म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पर ह्यात मी काय केलं?"

मी तिच्या मांडीवर साडी ठेवली. तिनं ती तळहातानं चाचपली. "म्होरल्या साली मी फिरवनार," ती म्हणाली. "तू गप बस नुसता. बोलू बी नको."

दुसऱ्या दिवसापासून दाजींनी पुन्हा दोरी धरली. माघात गेलो तेव्हा नव्या रेघा छातीच्या वर आल्या होत्या.

वैशाखात तिच्या छातीत कफ साठला. अंग आजारानं आणि औषधांनी आधीच पोकळ झालेलं. ते तिला पेललं नाही.

अशा वेळी माहेरचं शेवटचं लुगडं भावानं न्यायचं असतं. मी वाटेत राहुरीला हिरवी साडी घेतली. दुकानातल्या बाईनं काठ दाखवायला घडी मोडली, म्हणाली, भाऊबीजेची का, लवकर घेताय. मी मान हलवली; ती होय अशी हलली की नाही अशी, मला ठाऊक नाही.

घरी बायकांनी खोलीचं दार लोटून घेतलं. दाजी आणि मी बाहेर ओट्यावर बसलो. बऱ्याच वेळानं सून बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं, चकित झाल्यासारखं.

"मामा," ती म्हणाली, "आईंचे हात वर झाले. झंपर घालताना. आमी भीतभीत एकेक उचलला, तर सहज गेला."

असं होतं, हे मला माहीत होतं. सांधा जेवढा आजारानं धरतो, तेवढाच भोवतीच्या स्नायूंनी दुखण्याच्या भीतीनं आवळून धरलेला असतो. जीव गेला की अंग ताठायच्या आधी थोडा वेळ ते स्नायू सगळं सोडून देतात. मी हे सांगायला तोंडसुद्धा उघडलं होतं. जन्माची खोड. दाजींकडं लक्ष गेलं आणि मिटलं.

दाजी सुनेला विचारत होते, "कुठवर?"

"काय, मामंजी?"

"हात. कुठवर गेला?"

सुनेनं आपला हात उचलून दाखवला. डोक्याच्याही वर. दाजी उठले, लोटलेल्या दारापाशी गेले आणि चौकटीवरच्या रेघांकडं बघत उभे राहिले. पेन्सील तिथंच खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली होती. त्यांनी ती हातात घेतली, आणि सोडून दिली.

त्या वर्षी त्या घरात दिवाळी नव्हती. भाऊबीजेला जायचं काही कारणही नव्हतं. बायको म्हणाली, जाऊन या, इथं बसून कुणाला सुख लागू देणार नाही तुम्ही. मी टोपी घातली, पट्टा लावला आणि निघालो.

रांगोळी नव्हती. दाजींनी तेच स्टूल पुढं केलं. खोलीच्या दाराकडं, म्हणजे माझ्या डावीकडं, आक्काची कॉट अजून तशीच होती, हे आत येतानाच दिसलं होतं. मान तिकडं वळत नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. मी समोरच्या भिंतीशी ऐसपैस बोलत होतो. ऊस कसा आहे, पाणी किती पाळ्या मिळालं, असलं काहीतरी.

"मान कशी हाय?" दाजींनी विचारलं. ते खोलीच्या दाराशी टेकून उभे होते.

"डावीकडं वळत नाही."

"आन् उजवीकडं?"

"उजवीकडं वळते की."

"लई झालं मग," ते म्हणाले. सून चहा घेऊन आली. "पट्टा काढून पी. सांडशील."

मी पट्टा काढला. चहा पीत असताना डावीकडून कप्पीचा आवाज आला, तेल नसल्यासारखा, थांबत थांबत. रोजच्या वेळेला हात आपोआप जात असेल त्यांचा. मी काही वेळ कपात बघत राहिलो. मान वळेना, म्हणून मग स्टुलासकट मीच वळलो. दाजी आपलं टोक सावकाश खाली घेत होते, आणि आक्काच्या साडीचा तो रिकामा वेढा एकेक रेघ ओलांडत वर चालला होता.