साताऱ्याची केलेली सून

नयनची मराठी बाभुळगावात पहिल्याच दिवशी गाजली. सासूने, मैनाबाईंनी, दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नयन वाकली आणि म्हणाली, "मी आपली अत्यंत आभारी आहे." अंगणातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारीण म्हणाली, "काय व मैनाबाई, सून आनली का मास्तरीन?"

मास्तरीण ती होतीच. मॉरिशसच्या एका सरकारी शाळेत नऊ वर्षं ती मराठी शिकवत होती. तिचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यात राबायला जहाजातून तिकडे गेले, ते परत आलेच नाहीत. घरात सगळे तिथली क्रिओल भाषा बोलत, पण गणपतीत आरत्या मराठीत व्हायच्या. अशाच एका गणपतीत समुद्रकाठच्या हॉटेलात शेफ असलेला रजत तिथल्या मराठी मंडळात जेवायला आला आणि दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. करोनात हॉटेल बंद पडलं, तेव्हा तो तिला घेऊन घरी आला. येताना तिला वाटलं होतं, आपण आपल्याच मुलखात चाललोय.

मुलखाचं मत वेगळं होतं. व्हिसा वाढवताना दरवेळी फॉर्मवर 'परदेशी नागरिक' लिहावं लागे, आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. रजत दिवसभर यवतमाळच्या एका हॉटेलात. मग नयन एसटीत बसू लागली. बायांना अर्धं तिकीट. कळंब झालं, राळेगाव झालं, पांढरकवडा झालं. पिशवीत वही असायची. 'काहून', 'मले', 'गेलतो' असे शब्द ऐकले की ती उतरवून घ्यायची, बसच्या धक्क्यांनी अक्षर कसंही येई. एकदा ती पार झरी जामणीपर्यंत गेली. तिथल्या थांब्यावर आदिवासी बाया त्यांच्या कोलामीत बोलत होत्या. तिला एक शब्द कळला नाही, आणि नवल म्हणजे बरं वाटलं. इथे कळलं नाही म्हणून कोणी हसणार नव्हतं.

दारव्ह्याहून येताना बसमध्ये रुपीबाई भेटली. साठीची बंजारा बाई, मांडीवर बोरांची थैली. तिने नाव विचारलं, गाव विचारलं, मग माहेरचं आडनाव विचारलं.

"धावजी," नयन म्हणाली.

"धावजी?" म्हातारी सीटवर वळूनच बसली. "माह्या आज्याचं नाव धावजी व! म्हंजे तू आमच्याच तांड्याची निघाली." आणि तिने मूठभर बोरं नयनच्या ओटीत टाकली.

या देशात येऊन अडीच वर्षं झाली होती. 'आमची' असं तिला पहिल्यांदा कोणी म्हटलं. तिने आनंदाने ही गंमत घरी जेवताना सांगितली. कोणी हसलं नाही. सासऱ्यांनी, नानाजींनी, घास ताटात ठेवला.

"बाई, तुमच्यात आडनाव नसते काय?"

तिने समजावून सांगितलं. जहाजावरच्या कारकुनाने फक्त नाव विचारलं, तेच पुढे आडनाव झालं. जातीच्या रकान्यात त्याने सगळ्या टोळीला एकच शब्द लिहिला, 'मराठा'.

"सगळ्याइले एकच? मंग खरी कोनती?"

"ठाऊक नाही. आम्हाला कधी लागलीच नाही."

"इथं लागते," मैनाबाई म्हणाल्या आणि ताटं उचलू लागल्या. "अन् हे तांड्याचं बाहेर कुठी बोलू नको."

होळीनंतर नणंदेला, खुशीला, वणीकडचं स्थळ आलं. पाहुणे बैठकीत बसले होते आणि नयन पोह्यांचा ट्रे घेऊन दाराशी पोचली होती. कोणीतरी विचारलं, "सूनबाई कुठल्या म्हनता?" उत्तर रजतने दिलं.

"साताऱ्याकडचे मोरे. कामानिमित्त तिकडे गेलते त्याइचे लोक."

पाहुण्यांनी मान हलवली. नयनने पोहे वाटले. पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

"खुशीचं जमू दे. मंग सांगू काय ते."

"आणि बाबा? त्यांचं तिकीट काढून झालंय."

तिचे वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मे महिन्यात तुझ्याकडे येऊ का, असं त्यांनी विचारलं तेव्हा नयनच म्हणाली होती, या. तेव्हापासून ते रोज आरशासमोर मराठी वाक्यं घोकत होते.

"तेच म्हनतो," रजत म्हणाला. "जमलं तर लग्न मे मधीच धरतीन. मांडवात कोनी नुसतं विचारलं, तरी पुरी जहाजाची गोष्ट सांगतील ते. यंदा नको म्हनून सांग."

चार दिवस ती त्याच्याशी भांडली. पाचव्या दिवशी खुशी येऊन तिच्या शेजारी बसली. या घरात तिला शब्दांचे अर्थ न हसता सांगणारी एवढी एकच. "वहिनी, हे मोडलं तर दुसरं येते का, मले नाई माहीत," ती म्हणाली आणि रडू लागली.

नयनने फोन लावला. इथे सेहेचाळीस डिग्री ऊन आहे, तुमच्या वयाला झेपणार नाही, असं तिने क्रिओलमध्ये सांगितलं. वडील घोकलेल्या मराठीत सावकाश म्हणाले, "काही हरकत नाही. पुन्हा केव्हातरी."

लग्नात नवरदेवाच्या आत्याने नयनला बाजूला बसवून घेतलं. "मोरे म्हंजे कोनत्या गावचे व तुमी?"

"वाईचे. घाटाच्या मांगंच घर हाय, आत्याबाई."

"हे पाहा, किती साधी बोलते! फॉरेनची वाटतच नाई."

पलीकडून मैनाबाई ऐकत होत्या. त्यांनी नयनच्या ताटात आणखी एक जिलेबी वाढायला सांगितली.

'मंग सांगू' ते मग काही आलं नाही. आधी खुशी नवी नवरी होती, नंतर तिला दिवस गेले, नंतर तिच्या दिराचं लग्न निघालं. नयनने विचारणं सोडलं.

पुढच्या जानेवारीत तिच्या मोबाइलवर वडिलांचा फोटो आला. डोक्यावर फेटा, गळ्यात सोबतच्या पंधरा-वीस म्हाताऱ्यांसारखंच मंडळाचं ओळखपत्र, मागे साताऱ्याचा किल्ला. तिने लगेच फोन केला.

"बाबा, तुम्ही इथे आलात? मला का नाही सांगितलं? मी साताऱ्याला आले असते!"

"मंडळाची सहल होती. मुंबई, पुणे, कोल्हापूर, सातारा. यवतमाळ कार्यक्रमात नव्हतं, बेटा." आवाजात राग नव्हता. "इथे गाइडने आडनाव विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, जहाजाचं, कारकुनाचं. त्याने उभं राहून ऐकलं. उद्या सकाळी विमान आहे."

बाभुळगावहून मुंबईला एका रात्रीत कसं पोचायचं, याचा हिशेब ती करू लागली आणि मध्येच थांबली. त्यांनी ये म्हटलंच नव्हतं.

संध्याकाळी तिने रजतला फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून पाहिला.

"फेटा शोभून राह्यला," तो म्हणाला. "चला, त्याइचं महाराष्ट्र पाहनं तरी झालं." आणि मोबाइल परत देऊन तो हातपाय धुवायला गेला.