त्रेसष्ट बायका आणि एक बटण

बंद पडलेलं यंत्र घेऊन कुणी दुकानात आलं, की अण्णा आधी त्याला हातच लावत नसत. जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडायचे, गिऱ्हाइकापुढं पालथं ठेवायचे, वर बॉलपेन ठेवायचे आणि म्हणायचे, "काय काय केलासा, वळीनं लिवा. मी च्या पिऊन येतो."

शहापुरातलं ते दुकान तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. रुंदी सात फूट, आणि त्यातले तीन फूट जुन्या कॉम्प्युटरांनी खाल्लेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ, पण त्यातला गेलेला डेटा परत काढून देणारे माझ्या माहितीत ते एकटेच.

चहा पिऊन आले की कागद वाचत. दहातल्या आठ कागदांवर एकच वाक्य असे, 'काही केलं नाही, आपोआप बंद पडलं.' अण्णा चष्म्यावरून बघत. "आपोआप काय बी होत न्हाय ओ."

एकदा माझ्यासमोर एका वकिलांनी हेच लिहून दिलं. अण्णांनी त्यांचा लॅपटॉप उचलून नाकाशी धरला. "वकीलसाब, ताकात मीठ जास्त पडलंतं काय?"

"मीठ नव्हतंच, नुसतं जिरं होतं," असं वकिलांच्या तोंडून निघून गेलं. मग तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

तेव्हा मीही हसलो होतो. मी एका फाउंड्रीचं स्टोअर सांभाळतो. नट कमी निघाला तरी तो कुठं गेला हे लिहून ठेवायची मला सवय आहे. अण्णांच्या कागदावर खोटं लिहायची वेळ आपल्यावर येईल, असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या घरी वायफायला जोडलेला एक छोटा स्टोरेज डबा आहे. आत दोन हार्डडिस्क. जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी राहावी, म्हणून. त्या डब्यात बायकोचं आठ वर्षांचं काम होतं. ती हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी निपाणी भागात जाऊन, तंबाखूच्या वखारीत राबलेल्या म्हाताऱ्या बायकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करते. त्रेसष्ट बायका. त्यांतल्या बावीस आता नाहीत. पुस्तक अजून लिहायचं होतं. बोलणं फोनवरून डब्यात उतरवलं, की फोनमधलं मी पुसून टाकत असे. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती झाल्याच, हा नियम माझाच.

खंडेनवमीला आमच्याकडे चाकाचं, धारेचं, विजेचं जे जे घरात असेल त्या सगळ्याची पूजा होते. स्कूटर, विळी, मिक्सर झाल्यावर मी डब्यापाशी आलो. वरच्यावर कुंकू लावून मोकळं होणं मला जमत नाही. मी दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि ज्या जागेवरच्या त्या जागेवर परत बसवल्या.

अर्ध्या तासानं डबा कोकलायला लागला. लाल दिवा. एक नंबरची डिस्क दिसत नव्हती. मी ती काढून परत दाबून बसवली, तशी दिसली. पडद्यावर विचारणा आली, दुरुस्ती करायची का? मी 'हो'चं बटण दाबलं. चार टक्के झालं आणि काम अडलं. दोन नंबरच्या डिस्कमधून टिक टिक आवाज यायला लागला. मी वायर उपसली.

बायको पलीकडच्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होती. तिला मी काही बोललो नाही.

अण्णांचं दुकान सणामुळं चार दिवस बंद होतं. पाचव्या दिवशी शटर वर जाताना मी डबा घेऊन उभाच होतो. कॅलेंडरचं पान आलं. मी नऊ कलमं लिहिली, वेळेसकट. पूजा लिहिली नाही, कारण लाज वाटली. बटण लिहिलं नाही, कारण भीती वाटली.

अण्णांनी कागद वाचला. "अक्षर बेस हाय." मग एक नंबरची डिस्क काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर भिंग धरलं.

"हिचं लगीन कवा लावलासा?"

मी खाली बघितलं. "खंडेनवमी होती अण्णा."

"ते कळलं. तोंडात कुंकू गेलंय हिच्या." मऊ ब्रशनं ते पट्ट्या साफ करायला लागले. "पूजा मी बी करतो. लांबनं. फूल टेबलावर ठेवायचं. यंत्राला कळतंय." डिस्क परत बसवली. "आता बघूया चालू करून, काय म्हणतंय ते."

वायर जोडली आणि त्यांचं बोट बटणाकडं गेलं. तेवढ्यात माझ्या तोंडून, मलाच ऐकू येईल न येईल अशा आवाजात, निघालं, "थांबा."

बोट थांबलं.

"दुरुस्ती करायची का, असं विचारलं होतं त्यानं. मी हो म्हटलं. चार टक्के झालं होतं."

अण्णांनी बोट मागं घेतलं, वायर काढली आणि स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ऐका. ही एक नंबरची धडधाकट हाय, कुंकवानं नुसती मुकी झालती. ही दोन नंबरची मराय टेकलीय, ती कवापासनं कुणास ठावं. तुमी बटण दाबल्यावर हा डबा मरणारीवरचं घेऊन धडधाकटीवर गिरवाय लागला. चांगल्या पाटीवर पुसट पाटी. चार टक्के गिरवून झालं. मी आता चालू केलं असतं तर बाकीचं शहाण्णव बी गिरवलं असतं."

मी माझा कागद पालथा घातला.

"माल कुणाचा हाय ह्यात?"

"बायकोचा."

"वैनींना ठाऊक हाय?"

"नाही."

त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला नाही, स्वतःकडंही ओढला नाही. "मग घरी जावा आणि सांगा. त्या येऊदेत. तवर मी उघडत न्हाय. असंच एकानं लेकीच्या लग्नाचे फोटो घालवले आणि तिला न सांगता माझ्याकडं आला. फोटो काय परत आले न्हाईत. ती पोरगी हितं येऊन मलाच विचाराय लागली, काका, का घालवलासा? तवापासनं ज्याचा माल त्याला म्हाईत पायजे."

घर दीड किलोमीटरवर आहे. मी स्कूटर ढकलत गेलो असतो तरी एवढा वेळ लागला नसता.

तिनं ऐकून घेतलं. हातातलं लाल पेन खाली ठेवलं. "सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि सांगायला पाच दिवस लागले तुम्हाला." चपला घातल्या आणि माझ्याआधी जिना उतरली.

अण्णांनी तिला स्टूल दिलं, मला उभं ठेवलं. धडधाकट डिस्क त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला अशी जोडली, की तिच्यावरचं नुसतं वाचता येईल, लिहिता काही येणार नाही. आधी तिची अख्खी नक्कल काढायची, मग त्या नकलेत शोधायचं, मूळ डिस्क कापडात गुंडाळून बाजूला ठेवायची. हे सगळं त्यांनी तिला समजावलं, मला नाही. नक्कल व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

"वैनी, पयलं कुणाला काढू?"

"ताराक्का," ती लगेच म्हणाली. ताराक्का निपाणीच्या, आणि त्या जाऊन दोन वर्षं झाली होती.

स्पीकरमधून आधी कोंबडा ओरडला. मग खाकरल्याचा आवाज. मग ताराक्का म्हणाल्या, "माझं नाव बी घालणार व्हय गं ह्यात? घाल, घाल. आता कुणाला भ्यायचं ऱ्हायलंय?"

बायकोनं पदर तोंडावर धरला. मी सहा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला, असं लिहिलं तर ते मोजून लिहिलेलं आहे असं समजा.

आवाज येतो की नाही बघायला सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकला की पुरतं, असं अण्णांनीच सांगितलं होतं. पण ताराक्का वखारीतल्या तंबाखूच्या धुरळ्याबद्दल, मुकादमाबद्दल, ओटीत लपवून आणलेल्या तान्ह्या पोराबद्दल बोलत राहिल्या आणि अण्णा ऐकत राहिले. सत्तेचाळीस मिनिटं. मध्ये एकजण प्रिंटर घेऊन आला, त्याला त्यांनी हात वर करून दारातच थांबवलं. तोही मग प्रिंटर कडेवर घेऊन ऐकत उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. बासष्ट पूर्ण. एक एकोणिसाव्या मिनिटाला तुटलेलं, पुढं नुसती खरखर. मी बासष्टवर खूश होतो. अण्णा नव्हते.

"ह्या बाई हायत काय?"

"आहेत. बोरगावला, लेकीकडं," बायको म्हणाली.

"मग सोपं हाय की. जाऊन परत विचारा. डिस्कपेक्षा माणूस बरं, परत सांगतंय."

नवी भरलेली डिस्क त्यांनी तिच्या हातात दिली. मी हात पुढं केला होता, तो तसाच मागं घेतला आणि रिकामा डबा उचलला.

आम्ही बोरगावला गेलो. म्हाताऱ्या बाई पुन्हा बोलल्या, पण गोष्ट पार वेगळी निघाली. बायको गोंधळून म्हणाली, "आजी, मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होता, वखारीत काम नवऱ्यानं लावून दिलं."

"तवा माझी सासू जिती हुती, आतल्या खोलीत ऐकत बसल्याली," आजी म्हणाल्या. "न्हवऱ्यानं कुठलं? मी पळून जाऊन लागलते. आता खरं घे लिवून." आणि इतक्या हसल्या, की लेक पाणी घेऊन आली.

हे सांगायला दिवाळीनंतर आम्ही शहापुरात गेलो, तर दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "अण्णा गेले की हुबळीला, लेकीकडं. गुडघे धरलेत. आता काय येत न्हाईत."

नंबर त्याच्याकडून घेतला. घरी येऊन बायकोनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि बोरगावच्या आजींची सगळी गोष्ट सांगितली. पलीकडून "व्हय?" आणि "मग?" एवढंच येत होतं. सासूचं आल्यावर ते खोकेपर्यंत हसले.

मग विचारलं, "हे आता किती ठिकाणी ठेवलासा?"

"तीन," ती म्हणाली. "एक शाळेत, एक भावाकडं, एक घरात."

"आणि साहेब?"

"साहेबांना सांगितलंय, मला विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

"मग माझं काय काम ऱ्हायलं न्हाय म्हणा की," अण्णा म्हणाले. आवाजात समाधान होतं.

त्यानंतर खरंच काही काम पडलं नाही.