पूजेतला पाना

सिद्धप्पा पेटी भरायला बसला की चनबसप्पा मालक हमखास चिडवायचे, "रुखवत मांडलंस की रे. पोरगी कुटं दिलीस?"

सिद्धप्पा हसायचा, पण हात थांबवायचा नाही. मालकांचा चादरींचा धंदा, सिद्धप्पा त्यांचा ड्रायव्हर. लिलावात घेतलेल्या जुन्या व्हॅनमध्ये त्यांनी फळ्यांचे पलंग, पडदे आणि स्टोव्हसाठी खण करून घेतला होता. करमाळ्यापासून नातेपुत्यापर्यंत जत्रा-बाजार करत दोघे हिंडायचे; गाडीतच रांधायचे, गाडीतच झोपायचे. सोलापूर सोडलं की वाटेत गॅरेज मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून ही पेटी. जॅक तळाला, त्यावर पाने, वर पक्कड आणि हातोडी. खड्ड्यांत आवाज नको म्हणून प्रत्येक वस्तू चादरीच्या चिंधीत गुंडाळलेली. प्लग, पॉइंट, फॅनचा पट्टा असले सुटे भाग मात्र वेगळ्या डब्यात, कायम पलंगाखाली. तेलकट पान्यांजवळ रबर खराब होतं. पेटीशिवाय त्याने गाडी कधी गल्लीबाहेर काढली नव्हती.

पेटी रिकामी व्हायची ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला. हत्यारं रॉकेलने धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू वाहायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्याचा बाप गिरणीत फिटर होता. एका वर्षी साहेबाच्या सांगण्यावरून त्याने पूजेतली हातोडी उचलली, आणि पुढच्याच महिन्यात त्याची दोन बोटं यंत्रात गेली. त्याच तुटक्या हाताने भरवलेले घास सिद्धप्पाने लहानपणी खाल्ले होते.

चौऱ्याहत्तर सालच्या खंडेनवमीला पूजा नुकतीच झाली होती, तोच कल्लप्पा दारात येऊन उभा राहिला. सिद्धप्पाच्या बायकोची, गौरम्माची धाकटी बहीण निंगव्वा ही कल्लप्पाची बायको. दुधनीच्या अलीकडच्या वस्तीवर ती आदल्या दिवसापासून अडली होती. सुईणीने हात टेकले होते. रेल्वेत बसवून आणण्यासारखी तिची अवस्था नव्हती. मालकांनी काही न विचारता किल्ली दिली. गाडीची पूजा संध्याकाळी व्हायची होती, त्यामुळे गाडी मोकळी होती.

गौरम्माही बरोबर निघाली. निघताना ती पाटापाशी थांबली. "पाने घ्या की."

"पूजा झालीया."

"मग द्येवीला सांगून उचला. माजी भन हाय तितं."

सिद्धप्पाने तिला समजावलं. गाडी कालच तपासलीय, सुट्या भागांचा डबा आत आहेच, जायचं आणि यायचं. बोलताना त्याची नजर पाटावरच्या, बापाकडून आलेल्या त्याच हातोडीवर होती.

जाताना काही झालं नाही. निंगव्वाला पलंगावर निजवलं तेव्हा ती माणसं ओळखत होती, पाणी मागत होती. ऑपरेशन लागेल, सोलापूरलाच न्या, असं अक्कलकोटच्या डॉक्टरांनी सांगितलं. अक्कलकोट मागे पडलं आणि थोड्या वेळाने समोरचा लाल दिवा लागला. मग बॉनेटमधून वाफ. फॅनचा पट्टा तुटून खाली लोंबत होता.

नवा पट्टा पलंगाखाली होता. पण तो चढवायचा तर डायनामोचा बोल्ट सैल करायला हवा, आणि त्याला पाना हवा. सिद्धप्पाने बोल्टवर दगड मारून पाहिला, बोटांनी पिळून पाहिला. नखांतून रक्त आलं. चादरीची पट्टी पिळून पट्ट्यासारखी बांधली, तर ती करपून तुटली. रस्त्यावर एक वाहन फिरकेना. ट्रकही आज हार घालून आपापल्या दारात उभे होते. आत निंगव्वाचा आवाज बारीक होत चालला होता.

शेतांपलीकडे गाव दिसत होतं. तो पळत सुटला. तिथे इंजिनं दुरुस्त करणारा येडू नावाचा माणूस भेटला. त्याचीही हत्यारं पाटावर, नारळ नुकताच फोडलेला. आता याचे पाय धरावे लागणार, अशा तयारीने सिद्धप्पाने धापा टाकत सगळं सांगितलं. येडूने फुलं बाजूला सारली आणि कुंकवासकट पाना त्याच्या हातात दिला.

"बाईमाणूस वाटंत टाकून इचारत काय बसलास? पळ."

एवढंच होतं तर ते. सिद्धप्पा परत धावला. आत न बघता त्याने बोल्ट सैल केला, पट्टा चढवला, बोल्ट आवळला, पाणी भरलं. इंजिन सुरू झालं. तो सीटवर बसला तेव्हा मागून कल्लप्पा म्हणाला, "आता सावकाश चला."

त्याने मागे पाहिलं. गौरम्मा बहिणीच्या तोंडावर चादर ओढत होती. निंगव्वा गेली होती, पोटातल्या जिवासकट.

पुढे पाना परत द्यायला तो गेला तेव्हा येडूने बाळंतीण कशी आहे, असं विचारलं. सिद्धप्पाने पाना ओट्यावर ठेवला आणि माघारी फिरला.

त्यानंतर त्याची हत्यारं पाटावर कधी मांडली गेली नाहीत. खंडेनवमीला तो गाडीतल्या बंद पेटीवरच झेंडूचं फूल ठेवायचा. मालकांनी चिडवणं सोडलं. गौरम्मा मात्र गाडी निघायच्या आधी दर वेळी बाहेर यायची, पेटी उघडायची, चिंध्यांतून चाचपत डायनामोचा पाना शोधायची, बघायची आणि झाकण लावायची. तोंडातून शब्द नाही. वर्षं गेली, तरी हे चुकलं नाही.

एका जत्रेला निघताना सिद्धप्पाला राहवलं नाही. "एकदा तोंडानं बोल गं. शिव्या दे, पण बोल."

गौरम्माने पाना चिंधीत गुंडाळून जागेवर ठेवला.

"बोलले व्हते की मी," ती म्हणाली. "तवाच."